कमी आवाजाचा पक्षी

आमच्या इमारतीत कुत्रा चालत नाही, मांजर चालत नाही. पिंजऱ्यात मावणारा लहान पक्षी आणि मासे चालतात. हे नियमांच्या पुस्तिकेत छापलेलं आहे. मुलाने ते मला आधी जपानीत वाचून दाखवलं, मग मराठीत सांगितलं, मग पुन्हा जपानीत वाचलं, कारण मराठीत सांगताना एखादी अट आपल्याकडून गळाली तर नाही ना, अशी त्याला शंका आली. तो असाच आहे. इथे सेंदाईला विद्यापीठात धातूंवर संशोधन करतो. पातळ पत्रा किती ताणला की फाटतो, हे मोजण्यात त्याची वीस वर्षं गेली.

"पण आई, तुला पक्षी हवाय कशाला?"

"बोलायला."

"आम्ही आहोत की बोलायला."

मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. सकाळचे पावणेसात वाजले होते, एका पायात बूट घालून तो दारात उभा होता, आणि परत यायला त्याला रात्रीचे आठ वाजणार होते. त्यालाही ते कळलं असावं. दुसरा बूट घालता घालता म्हणाला, "बरं. बघू या रविवारी."

घरातली माणसं आधी सांगून टाकते. सूनबाई जपानी. गुणाची आहे, हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे मी तिच्याबद्दल कडू बोलणार आहे. दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. मला आई म्हणते. मराठीतले तीस-चाळीस शब्द तिला येतात, सगळे स्वयंपाकघरातले. मीठ, गरम, अजून, पुरे, झालं. एवढ्या शब्दांत जेवण होतं. गप्पा होत नाहीत. नात दहा वर्षांची. तिला माझं सगळं कळतं, पण उत्तर जपानीत. मी म्हणते, "दूध घेतलंस का गं?" ती म्हणते, "नोंदा." प्यायले, असा त्याचा अर्थ. एवढं आता मलाही कळतं. पण दिवसभर एकानेही आपल्या भाषेत "हो" म्हणू नये, म्हणजे कसं वाटतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

आणि मी. शाळा सातवीपर्यंत. पुढचं सगळं रद्दीवाल्याकडच्या मासिकांनी शिकवलं. चिंचवडला तिसऱ्या मजल्यावर आमचं घर. आमचे हे कारखान्यात प्रेसवर होते. त्या धाडधाडीने चाळिशीतच त्यांचे कान गेले. कानात यंत्र घालायची त्यांना लाज वाटायची, म्हणून मग तीस वर्षं मी वरच्या पट्टीत बोलले. भाजी काय करू, हेसुद्धा ओरडून. आज आमच्याकडे काय शिजतंय ते जिन्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक असायचं, आणि बेत आवडीचा असला की शेजारणी वाटी घेऊन यायच्या. कुणी म्हटलं नाही की बाई, हळू बोला. हे गेले. मुलाने कागदपत्रं करून मला इकडे आणलं. हे मागे राहिले, घर मागे राहिलं, आवाज तेवढा माझ्याबरोबर विमानातून आला.

माझ्या मनात पोपट होता. लपवत कशाला? लहानपणी आमच्या आत्याकडे होता, आल्यागेल्याला "कोण आहे?" विचारायचा आणि उत्तर आलं नाही तर शिवी द्यायचा. तसा एखादा मिळाला, चार शब्द शिकवले, की घरात मराठीत उत्तर देणारं कुणीतरी होईल, एवढाच माझा हिशेब.

रविवारी गेलो. छपराखालच्या बाजारपेठेत एका टोकाला पक्ष्यांचं दुकान आहे. दुकानदार माझ्याच वयाचा, डोक्यावर कापडी टोपी, हातात पातळ मोजे. प्रत्येक पिंजऱ्याला पुठ्ठ्याची पाटी. नाव, खाणं, आयुष्य किती, आणि शेवटी आवाज. आवाजाच्या ओळीत छोट्या घंटा काढलेल्या. एका पक्ष्याला एक घंटा, एकाला पाच. मुलाला ती पाटी इतकी आवडली की तो माझ्याकडे वळून म्हणाला, "बघ आई, किती सोपं केलंय."

दुकानदाराने त्याला विचारलं, कितवा मजला, भिंत कशाची, शेजारी कोण, वर कोण, खाली कोण. मुलगा परीक्षेला बसल्यासारखा उत्तरं देत होता. पक्षी कुणासाठी आणि कशासाठी हवाय, हे मात्र विचारायचं राहिलं. किंवा विचारलं असेल, मला कुणी भाषांतर करून सांगितलं नाही.

दाराशीच एक मोठा करडा पोपट होता. आम्ही आत शिरलो तसा "इराश्शाइमासे" म्हणाला, या या म्हणतात ना दुकानात, तसं. मी त्याच्यापुढे गेले आणि म्हटलं, "कोण आहे?" त्याने मान वाकडी केली. पुन्हा म्हटलं, "कोण आहे रे?" त्याने मान दुसरीकडे वाकडी केली. माझं मन असं हरखलं म्हणून सांगू!

"आई, पाच घंटा आहेत त्याला."

"असू देत."

"आणि पन्नास वर्षं जगतो तो."

"मग चांगलंच की. मी मेल्यावर तुझ्याशी मराठीत बोलेल."

मुलगा हसला, पण खिशातून फोन काढला. त्या फोनात आवाज मोजायची सोय आहे. तो फोन त्याने पोपटापुढे धरला, पोपटाने नेमकी तेव्हाच किंकाळी फोडली, आणि मुलाने मला फोनवरचा लाल झालेला आकडा दाखवला. तिथेच माझा पोपट संपला.

मग एकेका पिंजऱ्यापुढे फोन धरणं सुरू झालं. लव्हबर्ड नको, टोचल्यासारखं ओरडतात. कलगीवाला करडा पक्षी नको, शिट्ट्या मारतो. हिरवे-पिवळे लहान पोपट, ते बोलतात म्हणे, त्यांना तीन घंटा, पण दिवसभर कुचकुच चालते. कॅनरीचा नर गातो, म्हणून नको. एक इवलासा पक्षी होता, लाल चोचीचा, तो खेळण्यातल्या भोंग्यासारखा "मीप मीप" करत होता. मला तर हसू आलं. नातीलाही आवडला. मुलगा म्हणाला, एकसारखा आवाज लोकांना जास्त त्रास देतो. सूनबाई मागे उभी राहून प्रत्येक वेळी मान हलवत होती. तिची मान होकाराची की नकाराची ते मला अजून ओळखता येत नाही.

शेवटी दुकानदाराने आतून एक आणला. बुंच्यो म्हणतात त्याला. चिमणीएवढा, पांढरा शुभ्र, गुलाबी चोच, डोळ्याभोवती लाल कडी. वर्षाचा झालाय, एकदाही गायला नाही, म्हणजे मादीच असणार, असं तो म्हणाला. या जातीत नर गातो, मादी गात नाही. अर्धी घंटा. मुलाने फोन धरला, फोनवर काहीच हललं नाही. त्याला वाटलं फोन बिघडला. टकटक करून पाहिलं.

"ही बोलेल का काही?" मी विचारलं.

"नाही आई. पण ऐकेल."

दुकानदाराने तिला माझ्या तळहातावर ठेवलं. ती बसली. पोट गरम, अंगात बारीक थरथर. थोड्या वेळाने तिने चक्क डोळे मिटले. आता काय सांगू, हातावर झोपलेल्या जिवाला परत दे कसं म्हणायचं? घेतली.

खाण्याची पिशवी उघडून पाहिली तर आत काय? राळा आणि आपली भगर! सालासकट, पण भगरच. मी तिथेच हसायला लागले. म्हटलं, अहो, हे तर आमचं एकादशीचं फराळाचं! मुलाने दुकानदाराला सांगितलं, तर तो टोपी काढून वाकला. कशासाठी वाकला ते काही कळलं नाही.

घरी येताना सूनबाईने मिठायांची चार पाकिटं घेतली. मी म्हटलं, बारसं करायचंय का पाखराचं? तर नाही. इथे रीत अशी की आपल्या घरात काही आवाज होणार असला, भिंतीला खिळे मारायचे असले, बाळ होणार असलं, तर आधीच डावीकडे, उजवीकडे, वर आणि खाली जाऊन वाकायचं, पाकीट द्यायचं आणि म्हणायचं, तुम्हाला त्रास होईल, क्षमा असावी. त्रास व्हायच्या आधीच. मला त्या दिवशी ते फार सुंदर वाटलं होतं. मी पण गेले तिच्याबरोबर, ती वाकली की मी वाकायचे. खालच्या मजल्यावरच्या बाई माझ्याच वयाच्या, एकट्या राहणाऱ्या, केस कसे चापूनचोपून बसवलेले. त्यांनी पाकीट दोन्ही हातांनी घेतलं आणि त्याही वाकल्या. सगळ्या इमारतीला कळलं की सहाव्या मजल्यावर पक्षी आला.

नातीने तिला एक जपानी नाव ठेवलं. मी नुसतं "बये" म्हणायचे.

इथे उन्हाळ्यात चार-साडेचारलाच फटफटतं. घर झोपलेलं. मी बाल्कनीचं दार उघडायची, पिंजरा स्टुलावर ठेवायची, पाणी बदलायची, भगरीची टरफलं फुंकून टाकायची आणि बोलायला लागायची. काय बोलायचे? काहीही. "बये, आज कोबी आहे गं. कोबी म्हणजे पाण्याचा गोळा इथला, त्याला आपल्या कोबीची चव नाही." "बये, यांना दाखवायला हवी होतीस तू, हे म्हणाले असते, एवढ्या पक्ष्यात काय पोट भरतंय." ती मान वाकडी करून ऐकायची. मधेच "चिक्" म्हणायची. दिवसातून पाच-सहा वेळा, जास्त नाही. माझं बोलणं चालू असताना आलेलं ते "चिक्" मी "हो" असं धरायची. इथे आल्यावर नऊ महिन्यांनी पहिल्यांदा कुणीतरी मला हो म्हणत होतं.

जूनमध्ये असेल, मी आणि नात लिफ्टने खाली चाललो होतो. पाचव्या मजल्यावर खालच्या बाई आत आल्या. मला ही लिफ्ट आवडायची, त्याचं कारण सांगते. लिफ्टमध्ये कुणी माझ्याशी बोललं की नातीला भाषांतर करावं लागायचं, आणि भाषांतर म्हणजे मराठी. तेवढंच तिच्या तोंडून ऐकायला मिळायचं. म्हणून मी मुद्दाम लोकांकडे बघून हसायचे.

बाई काहीतरी लांबलचक बोलल्या. नात म्हणाली, "आज्जी, त्या म्हणतात, तुमचा पक्षी सकाळी लवकर उठतो. खूप उत्साही आहे. ऐकून त्यांना पण जाग येते."

माझी छाती फुगली! म्हटलं, "सांग त्यांना, अजून तर काहीच नाही म्हणावं. अजून शिकवतेय मी तिला."

नातीने सांगितलं. बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू होतं तसंच राहिलं. चार मजले तसंच राहिलं.

संध्याकाळी मी हे कौतुकाने जेवताना सांगितलं. सूनबाईने नातीला काहीतरी विचारलं, नातीने उत्तर दिलं, आणि सूनबाईच्या हातातल्या जेवायच्या काड्या खाली गेल्या. मला वाटलं, तिलाही आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला मी पक्षिणीशी बोलत होते, तर मागे चाहूल लागली. मुलगा. झोपेतून उठून आलेला, केस उभे, हातात फोन पुढे धरलेला.

"काय रे, एवढ्या लवकर?"

"काही नाही आई, चालू दे तुझं."

मला वाटलं, आईचं आणि पाखराचं बोलणं भरून ठेवतोय. पुढे आठवण राहावी म्हणून. मी पदराने चेहरा पुसला. साडी सारखी केली. आणि मग खास त्याच्यासाठी, त्याच्या लहानपणची एक लांब गोष्ट सांगितली बयेला. तो बेडकाला घाबरून डब्यात लपला होता ती. चांगली ठसक्यात, हातवारे करून सांगितली. तो ऐकत उभा राहिला. माझ्याकडे नाही, फोनकडे बघत.

त्या आठवड्यात जेवणाच्या टेबलावर दोघांचं जपानीत बोलणं वाढलं. "तोरी" म्हणजे पक्षी, एवढं मला कळायचं. तोरी, तोरी, पुन्हा तोरी. मी गरम फुलके वाढत होते.

"काय चाललंय पाखराचं?"

मुलगा ताटात बघत म्हणाला, "खालून जरा तक्रार आहे आई. सकाळच्या आवाजाची."

"हिच्या आवाजाची? अरे, ही दिवसातून सहा वेळा चिक् करते! तुझ्या फोनला ऐकू आलं नव्हतं!"

"तसं नसतं आई. बारीक आवाज काँक्रीटमधून वेगळा प्रवास करतो."

आता तो धातूंचा डॉक्टर. मी सातवी. मला खरंच वाटलं. एवढ्याशा पाखराचा आवाज भिंतीत शिरून खाली मोठा होत असेल, असं मी दोन महिने खरं मानून चालले, आणि मनातून त्या खालच्या बाईला काय काय बोलले. म्हटलं, बाई आहे का कोण आहे, चिमणीएवढा जीव सहन होत नाही.

मग ती पारदर्शक पेटी आली. पिंजऱ्यावर घालायची, चारही बाजूंनी बंद, वर हवेला भोकं. बाल्कनी बंद, पिंजरा आतल्या खोलीत. बये आतून माझ्याकडे बघायची, चोच हलताना दिसायची, ऐकू काही यायचं नाही. हिला माझं ऐकू येत असेल का? असं वाटून मी काय केलं असेल? सवयच ती. मी आवाज चढवला. हे ऐकत नव्हते तेव्हा जसा चढवायची तसा. सकाळी पाच वाजता पेटीला तोंड लावून मी कोबीची हकीकत सांगत होते.

पुढच्या आठवड्यात लिफ्टशेजारच्या फळ्यावर एक कागद लागला. इमारतीतल्या सर्वांनी सकाळी सातच्या आधी आवाजाची काळजी घ्यावी. नाव नाही, मजला नाही. खाली वाकून नमस्कार करणाऱ्या सशाचं चित्र. तो कागद वाचायला सूनबाई थांबली, आणि तिची मान तुटल्यासारखी खाली गेली.

सप्टेंबरात बयेला पाठवून दिलं. सूनबाईची आई तासाभरावर गावी राहते, शेतातलं घर, शेजारी कुणी नाही. तिथे. मी भांडले. म्हटलं, माणसांना पाकिटं वाटलीत, वाकलात, आता या मुक्या जिवाला शिक्षा? जी गात नाही म्हणून निवडून आणली, तिलाच आवाजासाठी हाकलता? मुलगा म्हणाला, "आई, दुसरा मार्ग नाही." सूनबाई रडत होती. नात आतल्या खोलीत जाऊन दार लावून बसली. मला वाटलं, पाखरासाठी रडतायत. मीच सुनेच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, "पुरे, पुरे." तिला येणारा शब्द होता तो.

पिंजरा गेला, स्टूल राहिलं. स्टुलावर मी कोथिंबिरीची कुंडी ठेवली. सकाळी साडेचारची जाग काही जाईना. दार उघडलं, पाणी घातलं, आणि तोंड आपोआप सुरू झालं. कोथिंबिरीला काय सांगायचं असतं? तरी सांगितलं. जन्मभर मी कणकेशीही बोलत आले.

आठ-दहा दिवसांनी लिफ्टमध्ये त्याच बाई. मी यावेळी हसले नाही. त्या मात्र हसल्या, वाकल्या, आणि काहीतरी बोलल्या. त्यात "तोरी" होतं.

"काय म्हणतात?"

नातीच्या कानाच्या पाळ्या लाल.

"अगं, सांग ना. काय म्हणतात?"

"म्हणतात... तुमचा पक्षी आज पण छान बोलत होता."

"पण पक्षी तर गेला! त्यांना सांगितलं नाही का आईने?"

लिफ्ट खाली आली, दार उघडलं, बाई वाकून निघून गेल्या. नात तिथेच उभी. दार पुन्हा मिटायला लागलं तेव्हा तिने माझा हात धरला आणि इतक्या स्वच्छ मराठीत म्हणाली, की तसं मराठी मी तिच्या तोंडून आधी कधी ऐकलं नव्हतं.

"आज्जी, त्या पक्षी म्हणतात. पण पक्षी नाही. तू."

मग तिने मला सगळं समजावलं, मोठ्या बाईसारखं. इथे असं सरळ म्हणत नाहीत. तुमच्या घरातली म्हातारी पहाटे ओरडते, असं कसं म्हणायचं? घरात पक्षी आहे, हे सगळ्यांना माहीत. मग पक्षी म्हणायचं. ऐकणाऱ्याने समजायचं. आईला पहिल्याच दिवशी समजलं. बाबांना पण. "मला पण," ती म्हणाली, "पण मला तुला नाही सांगायचं होतं."

संध्याकाळी मुलगा आला. मी त्याला बूट काढू दिले, हात धुऊ दिले. मग विचारलं.

"त्या दिवशी पहाटे तू फोन धरून उभा होतास. काय मोजलंस?"

तो टॉवेलने हात पुसत राहिला.

"आकडा लाल झाला का?"

"आई..."

"झाला का नाही, तेवढं सांग."

"झाला."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुला कसं सांगणार आई? तुला वाईट वाटलं असतं."

"म्हणून पाखराला पेटीत कोंडलंस. म्हणून काँक्रीटच्या गोष्टी सांगितल्यास. पाखरू गेल्यावर मी गप्प बसेन, असं वाटलं का तुला?"

"वाटलं," तो म्हणाला. "पक्षी नसला की बोलणार कुणाशी तू, असं वाटलं."

हे वाक्य त्याच्या तोंडून निघून गेलं आणि मग त्यालाच ऐकू आलं. तो खाली बसला. सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात आली, गुडघ्यांवर बसली, दोन्ही हात जमिनीला टेकून डोकं खाली घातलं आणि जपानीत क्षमा मागत राहिली. मी तिला उठवलं नाही त्या दिवशी. मला एकच वाटत होतं. बाई गं, "पुरे" हा शब्द तुला येत होता. रोज ताटावर हात धरून म्हणतेस की. एकदा पहाटे उठून बाल्कनीत येऊन मला तेवढं म्हणाली असतीस, तर मी समजले असते. मला वाईट वाटलं असतं, दोन दिवस वाटलं असतं. पाखरू तरी राहिलं असतं. एका माणसाला वाईट वाटू नये म्हणून तीन माणसं तीन महिने खोटं बोलली, आणि शेवटी मला वाईट वाटायचं ते वाटलंच, वर बये गेली.

मुलगा नंतर म्हणाला, आणू या परत. आता तुला माहीत आहे, तू हळू बोल, म्हणजे झालं. मी दोन दिवस दार लावून हळू बोलून पाहिलं. खरंच पाहिलं. कुजबुजल्यासारखं "आज कोबी आहे" असं म्हटलं, आणि पुढचं सुचेना. मला हळू आवाजात सांगण्यासारखं काही येतच नाही. माझ्या सगळ्या गोष्टी ओरडून सांगायच्याच आहेत. त्या गप्प खोलीत तिला हातावर घेऊन बसायचं, आणि तिने "चिक्" म्हटलं तर ते कशाला "हो" म्हणून धरायचं? सुनेच्या आईने फोटो पाठवला होता. बये तिच्या खांद्यावर बसलेली, मागे मुळ्याचं शेत. ती बाई म्हणे शेतात काम करताना मोठमोठ्याने गाते. मी म्हटलं, राहू दे तिथेच.

आता मी सातपर्यंत बोलत नाही. आणि सात वाजले की सगळे निघून जातात, त्यामुळे पुढेही नाहीच. कोथिंबिरीला पाणी घालते. मुलगा मला म्हणतो, "आई, तू किती शांत झालीस," आणि सूनबाई मान हलवते. होकाराची असावी.

नोव्हेंबरात एका दुपारी दाराची घंटी वाजली. खालच्या बाई. घरात मी एकटीच, भाषांतराला कुणी नाही. त्या वाकल्या, मी वाकले. त्यांनी दोन्ही हातांनी एक पाकीट पुढे केलं, फुलांच्या कागदात नीट बांधलेलं, आणि हळू हळू, मला कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करून बोलल्या. "तोरी" कळलं. "शिझुका", शांत, ते पण कळलं. तो शब्द आता मला चांगला पाठ आहे. "आरिगातो" तर सगळ्यांनाच कळतं. मी दोन्ही हातांनी घेतलं. अगदी सूनबाईने शिकवलं तसं.

उघडलं. आत पक्ष्यांचं खाणं. उंची असणार, साल काढलेलं, दाणा न् दाणा पांढरा. भगर.

योगायोग म्हणा, दुसऱ्या दिवशी एकादशी होती. मी ती तीन पाण्यांनी धुतली, तुपात जिरं टाकून परतली, झाकण ठेवून शिजवली. दाण्याची आमटी केली. भगर मऊ झाली होती, आपल्याकडच्यासारखीच. दुपारी एकटीनेच एक ताटली खाल्ली. मग संध्याकाळी सगळ्यांना वाढली.

मुलाने पहिला घास घेतला आणि त्याचा चेहरा उजळला. "आई! भगर? सेंदाईत कुठे मिळाली तुला?"

"खालच्या बाईंनी आणून दिली," मी म्हटलं. "पक्षी शांत झाला म्हणून."

दुसऱ्या घासाचा चमचा त्याच्या हातात तसाच राहिला. नातीने आपल्या आईकडे पाहिलं. आईने ताटलीकडे.  मग मुलाने तो घास तोंडात घातला, चावला, गिळला.

"आमटी वाढू का अजून?" मी विचारलं. हळूच विचारलं, शेजारी कुणाला ऐकू जाणार नाही असं.

"पुरे," सूनबाई म्हणाली.